आकडा कुठल्या खोलीतला?

नवा डेस्कटॉप किंवा त्याचा प्रोसेसर बाजारात आला की पाठोपाठ दोन आलेख येतात. एकात वेगाच्या आडव्या पट्ट्या असतात, नव्याची पट्टी जुन्यापेक्षा लांब आणि भडक रंगाची. दुसऱ्यात तापमानाची रेघ असते. पहिला आलेख जाहिरातीत जातो, दुकानदाराच्या तोंडी बसतो आणि खरेदी त्यावर ठरते. दुसरा फक्त वादाला कामी येतो. चिप ९५ अंशांवर चालते म्हणजे काहीतरी बिघडलेलं आहे, असं काहींचं म्हणणं. कंपनीच ठीक म्हणते तर आपण कशाला जीव टांगणीला लावायचा, असं इतरांचं. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: वेग ही एक बाब आणि उष्णता ही दुसरी, जरा कटकटीची. गेल्या काही वर्षांतल्या प्रोसेसरच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. आजचा वेगाचा आकडा किती वीज दिली, किती मिनिटं दिली आणि भोवतालची हवा किती अंशांवर होती, या तीन गोष्टींवर ठरतो. या तिन्ही वगळून छापलेला आकडा खोटा नसतो, पण त्याच्या भरवशावर पैसे मोजावेत इतका तो पुराही नसतो. आणि मे महिन्यात ज्यांच्या खोलीत पंख्याखालीही चाळीस अंश असतात, त्यांच्यासाठी तर तो परक्या खोलीतला आकडा आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स घेऊ. सोळा कोअरचा हा प्रोसेसर कागदावर १७० वॉटचा. प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत वीज ओढायची त्याला मुभा. सगळे कोअर कामाला जुंपले की तो बघता बघता ९५ अंशांवर पोचतो आणि तिथंच ठाण मांडतो. पहिल्या समीक्षा आल्या तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. एएमडीचा खुलासा असा, की हे ठरवूनच केलं आहे. ९५ अंश ही सुरक्षित मर्यादा आहे आणि वीज व तापमान यांची मर्यादा गाठेपर्यंत चिप वेग वाढवत राहणार. खुलासा खरा होता. पण त्यातून मोजमापाचा अर्थच बदलला, याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. पूर्वी काम आधी ठरायचं, त्यातून उष्णता निघायची आणि कूलरच्या कुवतीप्रमाणे तापमान ठरायचं. आता तापमान आधी ठरलेलं असतं आणि त्यात मावेल तेवढं काम होतं. अशा चिपवर बेताचा कूलर लावला तरी ९५ दिसतात आणि दुप्पट किमतीचा लावला तरी पुष्कळदा ९५ च्या आसपासच दिसतात. फरक पडतो तो किती वॉट पचले आणि किती मेगाहर्ट्झ टिकले यात. तापमान बघून संगणकाची तब्येत ओळखायची आपली जुनी सवय इथं कुचकामी ठरते. ज्या समीक्षेत ‘कमाल तापमान ९५ अंश’ एवढंच लिहिलेलं असतं, तिनं वाचकाला जवळपास काहीच सांगितलेलं नसतं.

मोठा कूलर लावूनही तापमान का उतरत नाही, याचं उत्तर आकारात आहे. या प्रोसेसरमधले सोळा कोअर दोन छोट्या तुकड्यांवर वाटलेले आहेत आणि प्रत्येक तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. एकेका तुकड्यातून शंभराच्या आसपास वॉट बाहेर पडत असतील, तर दर चौरस मिलिमीटरमागे निघणारी उष्णता स्वयंपाकघरातल्या १८०० वॉटच्या इंडक्शन शेगडीच्या सुमारे वीसपट होते. ही उष्णता आधी धातूच्या झाकणातून, मग थर्मल पेस्टच्या थरातून वाट काढते आणि त्यानंतर कुठे कूलरच्या पत्र्यांपर्यंत पोचते. जुन्या एएम४ सॉकेटचे कूलर नव्यावरही बसावेत म्हणून हे झाकण जाड ठेवलं गेलं, म्हणजे ग्राहकाच्या सोयीचा निर्णय उष्णतेच्या वाटेत आला. खोळंबा पहिल्या काही मिलिमीटरमध्येच होतो; पुढचा पंखा कितीही मोठा असला तरी तो त्या वाटेवरची गर्दी हटवू शकत नाही.

इतकी वीज एवढ्याशा जागेत कोंबायची वेळ का आली? १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारं व्होल्टेज आणि करंट त्याच प्रमाणात उतरतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं या हिशोबानं संगणक उद्योगाला फुकटात वेग दिला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून करंट गळू लागला आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला, तेव्हा हे पर्व संपल्याची जाहीर कबुलीच मिळाली. पुढे कोअर वाढवून वेळ निभावली. पण कोअर वाढवून सगळी कामं वेगानं होत नाहीत, शिवाय पट्ट्यांच्या आलेखात प्रतिस्पर्ध्याला मागे टाकायचं तर गिगाहर्ट्झ हवेतच. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या टप्प्यात दहा टक्के वेगासाठी व्होल्टेज वीस टक्क्यांनी चढवावं लागलं, तर विजेचा खर्च सुमारे ५८ टक्क्यांनी वाढतो. पूर्वी ही शेवटची चढण कंपन्या हौशी ओव्हरक्लॉकरसाठी सोडून देत. आता ती त्यांनी खोक्यातच भरून विकायला काढली आहे.

याचा दोष एकट्या कंपन्यांवर टाकणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एएमडीनं रायझन ७ ९७००एक्स आणला तो ६५ वॉटच्या मर्यादेत. त्याच्या आधीचा ७७००एक्स १०५ वॉटचा होता. कमी विजेत तेवढंच किंवा थोडं अधिक काम करणारी चिप म्हणून तिचं कौतुक व्हायला हवं होतं. झालं उलटंच. वेगाच्या पट्टीत फारसा फरक नाही म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली आणि काही आठवड्यांतच बायोसच्या अपडेटमधून याच चिपला १०५ वॉटची वाट मोकळी करून देण्यात आली, तीही वॉरंटीला धक्का न लावता. दोन महिन्यांनी इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के आला. आधीच्या पिढीपेक्षा तो बऱ्याच कामांत कमी वीज घेतो, पण खेळांच्या अनेक चाचण्यांत मागे पडला, आणि मथळे त्याचेच झाले. विजेची बचत बातमीच्या तळाशी गेली. ज्या परीक्षेत फक्त पट्टीच्या लांबीला गुण असतात, तिथं पट्टी लांबवायला चिप तापवली जाणार. यात नवल करण्यासारखं काही नाही.

वॉटच्या लेबलाची गोष्ट तर आणखी सुरस आहे. इंटेलचा कोअर आय-सेव्हन १४७०० हा असेंबल्ड आणि ब्रँडेड, दोन्ही प्रकारच्या डेस्कटॉपमध्ये भरपूर खपलेला प्रोसेसर. त्याची ‘मूळ’ वीज ६५ वॉट, आणि कमाल वीज २१९ वॉट. तिप्पटीहून जास्त. इंटेलची मूळ रचना अशी, की अशा प्रोसेसरनं काही क्षण कमाल वीज घ्यावी आणि नंतर मूळ पातळीवर उतरावं. या वर्गातल्या चिपसाठी ही सवलत साधारण २८ सेकंदांची, महागड्या ‘के’ मालिकेसाठी ५६ सेकंदांची. या सेकंदांत काय घडतं ते स्क्रीनवर नजरेनं टिपता येतं. चाचणी सुरू होताच वॉटचा काटा एकदम दोनशेपार जातो, सगळे कोअर पूर्ण वेगानं धावतात, तापमान पहिल्या पाच-सात सेकंदांतच नव्वदी गाठतं, आणि पंख्याचा आवाज मात्र जरा मागाहून चढतो, कारण त्याला जागं व्हायला वेळ लागतो. मग सवलत संपते, वॉट धपकन खाली येतात, गिगाहर्ट्झ त्यांच्यामागून उतरतात आणि खोलीत एव्हाना शिट्टीसारखा झालेला आवाज हळूहळू खाली बसतो. चाचणी वीस सेकंदांत आटोपणारी असेल तर तिनं यातला फक्त पहिला अंक पाहिलेला असतो.

चाचण्या बनवणाऱ्यांना हे माहीत आहे. मॅक्सॉन कंपनीची सिनेबेंच ही चाचणी आर-२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, आपणहून दहा मिनिटं चालते, ती चिप तापल्यावर काय होतं हे दिसावं म्हणूनच. गीकबेंचनं नेमका उलटा रस्ता धरला. तिच्या ६.१ आवृत्तीत दोन कामांमधली विश्रांती दोन सेकंदांवरून पाच सेकंदांवर नेण्यात आली, म्हणजे चिपला मध्ये मध्ये दम खायला मिळतो. दोन्ही निर्णयांना आपापलं तर्कशास्त्र आहे. ब्राउझरमध्ये पान उघडणं, टॅलीत नोंद करणं, एक्सेलची बेरीज, ही सगळी कामं झटक्यात होणारी. त्यांच्यासाठी गीकबेंचचा थोडक्यातला आकडाच खरा. लग्नाच्या तासाभराच्या व्हिडीओचं रेंडरिंग, ऑटोकॅडमधल्या इमारतीचं चित्र तयार करणं, रात्रभर चालणारं सिम्युलेशन यांच्यासाठी दहा मिनिटांचा आकडाही कमीच. गोंधळ होतो तो एकाचा आकडा दुसऱ्याच्या कामासाठी विकला जातो तेव्हा. कोटेशनच्या कागदावर तर तोही नसतो. प्रोसेसरचं नाव, रॅम, एसएसडी, कॅबिनेटला किती रंगीत पंखे, इतकं सगळं लिहिलेलं असतं. कूलर कोणता आणि बायोसमध्ये वीज किती वॉटवर बांधली आहे, हा रकानाच नाही. एकाच नावाचे दोन प्रोसेसर एकाच किमतीला विकत घेऊन एक दुसऱ्याच्या दोन-तृतीयांश वेगानं चालणं त्यामुळे अशक्य राहत नाही.

मर्यादा न पाळल्याचे परिणाम काय होतात, हे इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीनं दाखवून दिलं. कोअर आय-नाइन १४९००के या प्रोसेसरची कमाल वीज इंटेलनं २५३ वॉट सांगितली होती. पण स्पर्धेतल्या मदरबोर्ड कंपन्यांनी आपापल्या बायोसमध्ये ही मर्यादा जवळपास काढूनच टाकली. काही बोर्डांवर मर्यादेच्या रकान्यात ४०९६ वॉट असा आकडा असे. मर्यादाच नाही, याचं ते सभ्य रूप. पट्ट्या लांबल्या, कौतुकं झाली. मग गेम कोसळू लागले. स्क्रीनवर ‘व्हिडीओ मेमरी अपुरी’ असा संदेश यायचा, लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे, आणि चुकत प्रोसेसर असायचा. २०२४ च्या वसंतात इंटेलनं बोर्ड कंपन्यांना आपल्या मूळ सेटिंग्ज लावायला सांगितलं, तेव्हा बहुकोअर चाचण्यांचे आकडे काही टक्क्यांनी घसरले. म्हणजे ज्या आकड्यांवर लोकांनी पैसे मोजले होते, ते विहित मर्यादेतले नव्हतेच. जुलैमध्ये इंटेलनं मूळ दोष सांगितला: चिपच्या आतल्या मायक्रोकोडमधून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. पुढच्या खुलाशात कोअरमधलं घड्याळाचं सर्किट वाढीव व्होल्टेज आणि तापमानाखाली लवकर झिजतं, असं नमूद झालं. ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. झिजलेल्या चिपला मात्र अपडेटचा उपयोग नव्हता. ती बदलूनच घ्यावी लागली.

इथं एक आक्षेप रास्त आहे, आणि तो बाजूला सारता येणार नाही. इंटेलच्या प्रकरणात मुख्य आरोपी व्होल्टेज होतं, तापमान साथीदार. एएमडीच्या चिप ९५ अंशांवर चालल्या म्हणून तशा सरसकट मेल्याचं दिसलं नाही. त्यामुळे ‘९५ अंश म्हणजे धोका’ असा घोष करणं चूकच. पण मुद्दा तो नाहीच. सुरक्षित मर्यादा म्हणजे कंपनीनं काही गृहीतकांवर केलेला हिशोब. व्होल्टेज किती, करंट किती, रोज किती तास, किती वर्षं, या सगळ्यांवर तो उभा असतो. बोर्ड कंपनी त्यातली एक वीट काढते, समीक्षक ती काढलेल्या अवस्थेत मोजतो आणि दुकानदार तो आकडा विकतो. तेव्हा हिशोब कोणाचा आणि हमी कोणाची, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाकडे राहतो. तो बजावायला त्याला किमान वॉटचा आकडा हातात हवा.

आता खोलीकडे येऊ. कूलर कोणताही असो, तो चिपला भोवतालच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. हवेपेक्षा किती वर ठेवायचं एवढंच त्याच्या हातात. वीज तेवढीच असेल तर खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी चिप तापते. परदेशातल्या बहुतेक समीक्षा विशीच्या थोड्या पुढच्या तापमानाला, वातानुकूलित खोलीत होतात. हिशोबासाठी धरू, की २२ अंशांच्या खोलीत एक चांगला कूलर २०० वॉट पचवून चिप ८८ अंशांवर ठेवतो. म्हणजे हवेपेक्षा ६६ अंश वर. खोली ४० अंशांची झाली की तीच चिप १०६ वर जायला हवी. मर्यादा १०० असेल तर ती स्वतःच १८० वॉटच्या आसपास उतरेल. वेगात घट होईल, पण थोडी, कारण शेवटचे वॉट फारसा वेग देत नव्हतेच. आता खोक्यासोबत आलेला छोटा कूलर घ्या, जो २२ अंशांत १०० वॉटलाच चिप ९५ वर नेतो. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला आहे, कॅबिनेटच्या समोर जाळीऐवजी काच आहे, पत्र्यांवर वर्षभराची धूळ साचली आहे; बाहेर ४० तर आत ४८ अंश. वीज सत्तर वॉटपर्यंत घसरते. घट हौशी माणसाच्या महागड्या यंत्रात कमी आणि साध्या माणसाच्या बेताच्या यंत्रात जास्त, असा हा उफराटा प्रकार आहे.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असंही नाही. ॲपलच्या मॅक मिनीच्या तपशीलपत्रकात वापरासाठीचं तापमान १० ते ३५ अंश असं छापलेलं असतं, आणि कार्यालयांत सर्रास दिसणाऱ्या डेस्कटॉपपैकी अनेकांच्या पत्रकात कमाल मर्यादा हीच. अकोला, चंद्रपूर, जळगावकडच्या एप्रिल-मेमधल्या दुपारी आठवून पाहा. वातानुकूलन नसलेली शाळेची संगणक खोली किंवा सेतू केंद्र त्या पस्तिशीच्या आत किती वेळ असेल? विजेच्या पुरवठा पेटीचंही तसंच. एसएमपीएसवर मिरवणारं ‘८० प्लस’चं सोनेरी-रुपेरी चिन्ह ज्या चाचणीतून मिळतं, ती २३ अंशांच्या आसपास घेतली जाते, कॅबिनेटच्या पोटात तेवढं तापमान आपल्याकडे बहुधा जानेवारीतच मिळेल. शिवाय घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी खोलीतच सांडतो. ग्राफिक्स कार्डासह ५०० वॉट ओढणारं यंत्र एक टनाच्या एसीच्या गारव्यापैकी सातवा हिस्सा एकटं खातं. एसी नसेल तर तेच यंत्र स्वतःची खोली तापवतं आणि मग त्या तापलेल्या खोलीत स्वतः मंदावतं.

‘फरक दोन-चार टक्क्यांचा, त्यासाठी एवढं रामायण कशाला?’ असं कोणी विचारेल. वरच्या वर्गातल्या यंत्रांपुरतं हे खरं आहे, आणि ते माझ्या मुद्द्याच्या बाजूनंच बोलतं. खोली तापल्यावर वीस वॉट गेले आणि वेग दोन-चार टक्क्यांनीच गेला, याचा अर्थ ते वीस वॉट तेवढ्याच लायकीचे होते. ७९५०एक्सला एएमडीनंच दिलेल्या इको मोडमध्ये १०५ वॉटच्या वर्गात बांधलं, तर बहुकोअर कामातला वेग थोडाच उतरतो आणि तापमान मात्र लक्षणीय खाली येतं. मग दोन-चार टक्के क्षुल्लक असतील तर त्यांच्यासाठी ग्राहकाकडून वरच्या मॉडेलचे, जाड कूलरचे, मोठ्या एसएमपीएसचे पैसे कशाला घ्यायचे? घरोघरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी ताकद ३६० वॉटच्या घरात असते. तो अशा यंत्राखाली मान टाकतो, हा खर्च वेगळाच. टक्के विकताना मोठे आणि जाब विचारताना लहान, असं दोन्हीकडून चालणार नाही.

प्रयोगशाळेतून येणारा आक्षेप याहून वजनदार आहे. तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी. कोणी २२ अंशांत, कोणी ३८ मध्ये मोजू लागलं तर आकड्यांचा बाजार मांडल्यासारखं होईल. बरोबर. पण सारखी परिस्थिती म्हणजे थंडच परिस्थिती, असा नियम कोणी केला? भारतानं हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. एसीच्या तारांकनासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आयएसईईआर हा निर्देशांक वापरतो. पूर्वी एकाच ठरावीक तापमानाला एसी तपासून तारे दिले जात. नव्या पद्धतीत बाहेरचं तापमान २४ पासून ४३ अंशांपर्यंत धरलं जातं, वर्षातले १६०० तास त्या पट्ट्यात आपल्या हवामानानुसार वाटले जातात आणि मग एकच आकडा काढला जातो. आधी ऐच्छिक असलेली ही पद्धत २०१८ पासून बंधनकारक झाली. तुलनाही राहिली आणि हवामानही आलं. ग्राहकाला हे कळणार नाही, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. आज एसी घ्यायला गेलेला माणूस निर्देशांकाचं सूत्र न कळता तारे बरोबर मोजतो.

संगणकाला लगेच तारे लावा, असं म्हणणं घाईचं होईल. कामं शंभर प्रकारची, मॉडेल दर वर्षी बदलणारी. आणि कुठल्याही एकाच आकड्याला मान दिला की त्याला वाकवण्याचे उद्योगही सुरू होतात. २०२४ च्या सुरुवातीला एसपीईसी या चाचणी संस्थेनं आपल्या यादीतल्या २६०० हून अधिक निकालांवर ठपका ठेवला, कारण इंटेलचा एक कंपाइलर तिच्या एका विशिष्ट चाचणीकडे बघून रचलेला आढळला. त्यामुळे मागणी एका नव्या आकड्याची नको, आकड्यासोबतच्या तीन शब्दांची हवी: किती वॉट, किती मिनिटं, किती अंशांची खोली. समीक्षकांनी ते छापावेत, कंपन्यांनी खोक्यावर द्यावेत. निदान दहा मिनिटांनंतरची टिकाऊ वीज आणि ४० अंशांतला निकाल, एवढं तरी.

सुरुवात सरकारी खरेदीतून करता येईल, कारण तिथं विक्रेत्याला ऐकावंच लागतं. शाळा, तहसील, पोलीस ठाणी यांचे संगणक जेम पोर्टलवरून घेतले जातात आणि अटींमध्ये प्रोसेसरचं नाव व पिढी, रॅम, डिस्क यांची जंत्री असते. त्यात एक ओळ वाढवावी: ४० अंशांच्या हवेत, बंद कॅबिनेटसह, अर्धा तास पूर्ण भार दिल्यावर शेवटच्या दहा मिनिटांतला वेग सुरुवातीच्या वेगाच्या अमुक टक्क्यांखाली जाता कामा नये. टक्के किती हे तज्ज्ञांनी ठरवावं. तपासायला नवी संस्था उभारायला नको. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या एसटीक्यूसी संचालनालयाची प्रादेशिक प्रयोगशाळा मुंबईत अंधेरीला आहे आणि उपकरणं उष्ण व दमट हवेत ठेवून तपासणं हे तिथलं नेहमीचं काम आहे. प्रत्येक यंत्र तपासायचीही गरज नाही. मॉडेलमागे एक नमुना आणि वर्षातून एकदा बाजारातून अचानक उचललेला एक, एवढं पुरे. खाजगी ग्राहकाला तोवर लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात एवढंच करता येईल: बिल करण्याआधी सिनेबेंच दहा मिनिटं चालवायला लावायचं, शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून पहिल्या आणि दहाव्या मिनिटाचे वॉट व गिगाहर्ट्झ लिहून घ्यायचे, आणि दुकानातला एसी किती अंशांवर आहे तेही विचारायचं.